सुगंधाताई, तुझा आकडा मी पुसत राहिले

प्रिय सुगंधाताई,

आज एका शोधलेखाच्या शेवटी आभार लिहायला बसले आणि तुझ्या नावापाशी अडकले. नावाआधी 'कै.' लिहायचं की नाही? लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी लेख बाजूला ठेवला आणि तुलाच लिहायला घेतलं.

किन्हवलीच्या पुढे, डोंगराकडच्या तुमच्या पाड्यावर मी आले ती चुलीच्या धुराने बायकांच्या फुप्फुसांचं काय होतं हे अभ्यासायला. हातात प्रश्नावली आणि श्वास मोजायचं यंत्र. एकही बाई त्यात फुंकेना! सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. तू पुढे आलीस. "दिवा इझवल्यासारी नको गो फुकू! चूल पेटवतेस ना, तशी फुक!" म्हणालीस आणि स्वतः फुंकून दाखवलंस. त्याच दिवशी मी तुला मदतनीस म्हणून घेतलं.

मग सहा वर्षं आपण दोघी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हिंडलो. प्रत्येक घरात आधी तू फुंकायचीस, मग घरची बाई. वर्षभर मला 'म्याडम' म्हणालीस, नंतर 'बाय'.

आता सांगते ते तुला ठाऊक होतं का गं? तू फुंकलंस की यंत्रावर तुझा आकडा यायचा. निरोगी बाईचा असावा त्यापेक्षा तो कमी असायचा. दरवर्षी आणखी कमी. प्रकल्पाच्या नियमात मदतनिसाची नोंद बसत नव्हती. म्हणून मी तो पुसायचे आणि पुढच्या बाईचं नाव टाकायचे.

अगदीच गप्प नव्हते मी. शेणव्याकडच्या एका चढावर तू धापा टाकत दगडावर टेकलीस, तेव्हा म्हटलं होतं, "एकदा शहापूरला दाखवून घे."

"भातकापनी होऊ दे गो," म्हणालीस.

कापणी झाली. तू गेली नाहीस आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मला अहवाल द्यायचा होता, नोकरीची मुदत संपत आली होती. किती हट्टी होतीस तू! पण मी तरी कुठे हट्ट धरला?

तुझा एक प्रश्न अजून टोचतो. "तुमी दरसाल त्येच इचारता. उत्तर पन त्येच आलं, तर काय करनार?" मी हसण्यावारी नेलं. पुढच्या घराचं दार वाजवलं. थकले गं ताई. दर दोन वर्षांनी नवा प्रकल्प, नव्या परवानग्या, आरोग्यातल्या विषमतेवर नवा लेख. पाड्यावरचा धूर आहे तिथेच.

यंदा वैशाखात तू गेलीस, त्या सकाळी मी दूरच्या शहरात, एका गार सभागृहात आपल्याच पाड्यांचे आकडे दाखवत होते. जेवणाच्या सुट्टीत फोन पाहिला. तुझ्या सुनेचे, जनाचे, कितीतरी कॉल येऊन गेलेले.

"आई गेली. दवाखान्यात पोचलो, पन श्वासच पुरला नाय," एवढंच ती बोलली.

आणि मी पुढच्या सत्राला जाऊन बसले, ताई. उठून निघाले नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तुझ्या दहाव्याला आले होते. गेल्या आठवड्यात यंत्र घेऊन पुन्हा आले. जना चुलीपुढे होती. भाकरी थापता थापता थांबली, छातीवर हात ठेवून दम घेतला. मी काही विचारायच्या आत तीच मला म्हणाली, "ताई, मना पन फुकू द्या ना. लिवू नका हवं तर."

तिने फुंकलं. आकडा चांगला नव्हता. अजून तिशीसुद्धा नाही गं तिची!

मी तो कागदावर लिहिला, जनाच्या पूर्ण नावासकट. तिथूनच ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. जना म्हणाली, "लावनी झाल्यावर जाईन." मी म्हटलं, "नाही. शुक्रवारी."

शुक्रवारी सकाळी मी तिला न्यायला येतेय. तिची तपासणी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहीन. औषध दिलं तर ती घेते की नाही हे विचारत राहीन, कंटाळली तरी, माझ्यावर चिडली तरी. या महिन्यात प्रकल्प संपतोय. जनाकडे जाणं संपणार नाही, हा शब्द देते.

तुझी,
मेधा