पाववाल्याने लपवलेली माणसं

अजमान, मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२

डोकं अजून तापलेलंच आहे. तन्वीचा शाळेचा निबंध परत आला, पानभर लाल पेनाची काट मारून. खाली शेरा, 'दुसरा विषय घ्या.'

निबंध होता धाडसी माणसावर. खालच्या मजल्यावरच्या डच आजींनी तिला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. साधा पाववाला. महायुद्धात त्याने एका ज्यू शिंप्याला, बायको-मुलीसकट, भट्टीमागच्या खोलीत दोन वर्षं लपवलं. शेजाऱ्याने चुगली केली. ती तिघं मागच्या दाराने निसटली, पण पाववाल्याला जर्मन सैनिकांनी गोळी घातली. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आणि अशा माणसावर लाल काट!

हेमंत म्हणाला, "अगं, इथे अरब देशात ज्यूंचं नाव कशाला काढायचं? आपण व्हिसावर आलेली माणसं. खलास, दुसरं काहीतरी लिहू दे तिला."

मी भांडले, ओरडले, आणि शेवटी? शेवटी मीच तन्वीला एका गिर्यारोहकावरचा निबंध सांगायला बसले. राग नक्की कोणाचा येतोय मला?

लिहिता लिहिता तिने विचारलं, "ममा, वुड वी हॅव हिडन देम?" आपण लपवलं असतं का त्यांना?

"ऑफकोर्स, बेटा," हेमंत पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

मी तिच्यापुढचा नवा कागद ओढला आणि फाडला. उद्या जुनाच निबंध घेऊन मुख्याध्यापिकेकडे जाणार आहे. एकटीच. भीती वाटतेय. वाटू दे.