माझं सुटं उंडुक

तीर्थरूप दादास,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला कमी झाला असेलच (नसला तरी ती सांगायची नाही). आता जरा सावरून बस. इतकी वर्षं आपल्या घरात आजारपण म्हटलं की तुझं आंत्रपुच्छाचं ऑपरेशन. आल्यागेल्याला शर्ट वर करून तू तो व्रण दाखवायचास आणि मी मुकाट्याने चहा ओतायचे. ते दिवस संपले.

मी मोठ्या इस्पितळात आहे आणि माझं उंडुक फिरतं निघालं आहे. उंडुक म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी. लहान आतडं तिला बाजूने येऊन मिळतं आणि तळाला ती बंद असते, कोटाच्या खिशासारखी. सगळ्या जगाचं उंडुक पोटात उजवीकडे, खाली, मागच्या भिंतीला धरून बसलेलं असतं. माझं जन्मापासून सुटं. (तुझं आंत्रपुच्छ ही या उंडुकाला लोंबणारी नुसती शेपटी. शेपटीच्या जिवावर तू एवढा मिरवलास, म्हणून मुद्दाम कळवते.) मोठे डॉक्टर रोज विद्यार्थ्यांची पलटण घेऊन येतात. पोरं उजवीकडे चाचपतात, हाती काही लागत नाही, तोंडं पडतात, आणि मी राणीसारखी पडून असते.

त्यात एक घोटाळा झाला, तोही माझ्याच हुशारीने. दुखेल तिथे खूण असलेली बरी, म्हणून मी माझ्या शिवणाच्या दुकानातला खडू मागवला (जन्मभर कोट बेतले, हात स्वस्थ कसा बसेल?) आणि इस्पितळाच्या झग्यावर गोल काढत गेले. एक दिवस बेंबीपाशी, एक दिवस डावीकडे, एक दिवस फासळ्यांखाली. मग एक नवी शिकाऊ डॉक्टरीण आली. तिला वाटलं, खुणा मोठ्या डॉक्टरांच्याच. तिने तिन्ही ठिकाणी मन लावून दाबलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सर, यांना तीन गाठी आहेत." सरांनी झग्यावरच्या गोलावर बोट घासलं, बोटाला खडू लागला. खडू जप्त झाला. पण जाताना म्हणाले, "बाई, तुमचं पोट मी पुढच्या वर्षीही शिकवणार." आता बोल. तुझं पोट कुठल्या वर्गात शिकवतात?

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

जिच्या खाटेभोवती वर्ग भरतो ती,
तुझी धाकटी

ता. क. : उंडुक असं मोकाट राहिलं तर एखाद दिवशी पीळ पडून जिवावर बेतेल, म्हणून गुरुवारी पोट उघडून ते भिंतीला टाचणार आहेत. टाका कुठला, दोरा कसला, सगळं विचारून घेतलंय. (एकदा टाचलं की मी चारचौघींसारखीच.)

पुन्हा ता. क. : भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, बाहेर कोण बसणार? मी ऐटीत म्हटलं, माझा दादा. कधी येणार? म्हटलं, निघालाय. दादा, निघ. मला फार भीती वाटते.