हाताच्या गोधडीची मजुरी

नाना, परवा मी एक गोधडी शिवायला टाकून आलो. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

कंपनीतून निवृत्त होऊन मला आता सहा महिने झाले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात युनिफॉर्मचे निळे शर्ट साठले होते, चौदा-पंधरा तरी असतील. कुणाला द्यावेत तर खिशावर कंपनीची पट्टी शिवलेली, आणि टाकून द्यायला हात होईना. तुमची सून म्हणाली, माझ्या मऊ झालेल्या साड्या आहेत, तुमचे शर्ट आहेत, दोन्हींची मिळून एक गोधडी करून घेऊ. आम्ही आता सिडकोत राहतो. तिथं कुणी हातानं गोधडी शिवत नाही. विचारता विचारता पत्ता लागला तो पंचवटीतला, आपण राहायचो त्या गल्लीच्या मागच्याच गल्लीतला. दुपारी गेलो. भाजीबाजार उठला होता, रस्त्यावर मेथीच्या काड्या पडल्या होत्या. ओट्यावर एक पन्नाशीच्या बाई पाय पसरून बसल्या होत्या आणि मांडीवरून खालपर्यंत गोधडी पसरलेली होती. त्या मूळच्या सिन्नरकडच्या एका गावातल्या.

मी गाठोडं सोडलं. त्यांनी शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून चोळली.

"मशीनची पाहिजे का हाताची?" त्यांनी विचारलं. "मशीनची सातशे-आठशेत होते. दोन दिवसांत देते. हाताची म्हनली का भाव येगळा."

"हाताची," मी म्हणालो.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. एकट्याला पांघरायची की डबल बेडची. आत किती थर. दोन ओळींत दोन बोटं अंतर चालेल की एकच बोट पाहिजे. शर्टाचे खिसे, पट्ट्या, बटणं मी उसवून आणणार की त्यांनी उसवायची. दोरा कुणाचा. युनिफॉर्मचं कापड जाड, त्यात सुया मोडतात, तेही धरावं लागतं. हे सगळं ऐकून घेऊन त्या थोडा वेळ गल्लीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डबल बेडची, तीन थर, एका बोटाची शिलाई. सहा हजार पडतील. म्हैना लागंल. निम्मे आधी द्यायचे."

"सहा हजार कसे धरले?" मी विचारलं.

"दिवसाला दोनशे. तीस दिवस. खुरपायला गेलं तर तीनशे मिळत्यात बाबा, पन तिथं ऊन हाय, वाकनं हाय. हितं सावलीत बसायचं, म्हनून दोनशे."

त्या बोलत होत्या आणि मी आपल्या जुन्या घराच्या गॅलरीत जाऊन पोहोचलो होतो. शहाबादी फरशीवर उन्हाचा चौकोन आहे. मेणाचा वास येतोय. तुम्ही दोरा मेणबत्तीवरून ओढून घेताय, एकदा, दोनदा, आणि तो उन्हाकडे धरून सुईचं नाक शोधताय.

गॅलरीत गोधडी शिवायला बसलात त्याच्या आदल्याच वर्षी तुम्ही शिंपीकामाचं दुकान बंद केलं होतं. लोक तयार पॅन्ट-शर्ट घ्यायला लागले, आणि गुडघ्यामुळे डॉक्टरांनी तुम्हाला पायमशीन मारायचं बंद करायला सांगितलं. दुकानातून तुम्ही घरी काय आणलं, तर कात्री, खडूची डबी आणि कतरणीची तीन पोती. काही महिने ती पोती तशीच पडून होती आणि तुम्हीही त्यांच्या शेजारी तसेच बसून होतात. मग एक दिवस मी कामावरून आलो तर फरशीवर आईचं जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर सुटिंगचे तुकडे मांडलेले, आणि तुम्ही गुडघा लांब करून काठावर बसलेले. आई तुम्हाला शिकवत होती. "एवढा ओढू नका दोरा, कापड आवळतं," ती म्हणत होती. तीस वर्षं गल्लीची मापं घेतलेले तुम्ही निमूटपणे दोरा सैल करत होतात. ती पहिली गोधडी घरातली. ती आवळलीच होती थोडी, पण रंग असे लावले होते की धुऊन गॅलरीच्या कठड्यावर टाकली की खालून जाणारे मान वर करून बघायचे.

तशाच बघत एक बाई वर आल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या होत्या, हातात पुस्तकं होती. तुम्ही आतल्या खोलीत होतात. दारात आई उभी राहिली. अशी एक मला करून द्याल का, किती घ्याल, असं त्यांनी विचारलं. आई गोंधळली. गोधडीची मजुरी कधी कुणी तिला विचारलीच नव्हती. आपल्याकडे बायका एकमेकींच्या घरी जाऊन शिवायच्या, दुपारचा चहा व्हायचा आणि गोधडी व्हायची. "दोन दिवसांनी या, घरात विचारून सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून आलो तेव्हा तुम्ही माझी वाट बघत होतात.

"कंपनीत तुला दिवसाचे किती पडतात रे?"

"साठ," मी म्हणालो.

तुम्ही खडू घेतला. "मोठी गोधडी म्हणजे मला पंचवीस दिवस. माझा एक दिवस तुझ्या अर्ध्या दिवसाएवढा तरी असेल ना?" तुम्ही फरशीवर पंचवीस लिहिले, खाली तीस लिहिले, आणि गुणाकार करून बाजूला झालात. साडेसातशे. तुम्ही त्या आकड्याकडे असे बघत होतात जसे नव्या कापडाकडे बघायचात, कापायच्या आधी.

"साडेसातशेत कापसाची गादी येते, नाना," मी म्हणालो आणि हसलो. तुम्ही हसला नाहीत. खडू डबीत ठेवलात.

त्या बाई परत आल्या त्या दिवशी तुम्ही आणि आई दोरा आणायला बाजारात गेला होतात. मी एकटा होतो. माझे कंपनीतले दोन मित्र खाली सायकली धरून उभे होते, आणि घरात वडील गोधडी शिवतात हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, वडील आता आराम करतात. बाईंनी विचारलं, "शिवतं कोण?" मी म्हणालो, "आई." त्यांनी विचारलं, "आणि मजुरी?" मी म्हणालो, "तीनशे."

तो आकडा मी विचार करून काढला नव्हता. आईचं काम म्हटल्यावर तोंडातून आपोआप तेवढाच आला. त्या लगेच बरं म्हणाल्या आणि पर्समधून शंभराची नोट काढता काढता म्हणाल्या, "मला वाटलं होतं, जास्त सांगाल."

तुम्ही आलात तेव्हा मी ती नोट तुमच्या हातात दिली. काम मिळवून दिलं म्हणून माझी मान ताठ होती. तुम्ही दोऱ्याच्या लडी खाली ठेवल्या, नोटेची घडी केली. मग म्हणालात, "शब्द घराबाहेर गेला. आता झालं ते झालं." आणि पाणी पिऊन आल्यावर, माझ्याकडे न बघता, "पंचवीस दिवस बसणार मी. त्यातले पंधरा तू वाटून टाकलेस."

नाना, तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. पण कंपनीत मशीनवर जॉब लावताना, बसमध्ये उभं असताना, ते वाक्य मला ऐकू यायचं. दोन दिवसांनी मी तुम्हाला म्हणालो, टाके जरा लांब घाला, म्हणजे लवकर उरकेल. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "तीनशेचे टाके वेगळे असतात का?"

पंचवीस दिवस तुम्ही शिवत होतात. काठापासून सुरुवात करून आत, आत, पुन्हा वळून आत. मी पहाटे उठून सिन्नरला कंपनीत जायचो आणि चारच्या सुमाराला परत यायचो. यायचो आणि चप्पल काढून त्या गोधडीवरच आडवा व्हायचो. तुम्ही उठवलं नाहीत कधी. माझ्या भोवतीनं शिवत राहायचात. ती झोप मला पुन्हा कुठं लागली नाही. अंगाखालचं कापड हळूच कुणी ओढतंय, पुन्हा सोडतंय, पुन्हा ओढतंय. सुई कापडातून येताना बारीक आवाज करतेय. लांब कुठंतरी घंटा वाजते, रिक्षा जाते, आई कुणाशी तरी हळू बोलते, आणि मी पाण्यावर असल्यासारखा, खाली जात नाही, वर येत नाही. कधी वाटायचं मी कापडाच्याच आत आहे, दोन थरांच्या मधे, आणि तुम्ही माझ्या कडेकडेनं टाके घालताय. डोळे किंचित उघडले की तुमचा गुडघा दिसायचा, त्याच्यापलीकडे उन्हाचा चौकोन, आणि तो मघापेक्षा भिंतीकडे सरकलेला असायचा.

एका संध्याकाळी मी उठायला गेलो तर माझा हात उठेना. शर्टाची बाही गोधडीला शिवली गेली होती, चांगले सात-आठ टाके. मी हसायला लागलो. तुम्हीही हसलात, इतके की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. टाके उसवण्यासाठी तुम्ही वाकलात. तुमची बोटं बाहीवरून, मनगटावरून फिरत राहिली. कापड कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतो, ते तुम्ही चाचपत होतात. तेव्हा माझं हसू थांबलं. "तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारलं.

"कडेकडेचं कमी दिसतं जरा," तुम्ही म्हणालात. "मधलं दिसतं. टाका मधेच असतो."

डॉक्टरांकडे जाण्याचं तुम्ही गोधडी पूर्ण होईपर्यंत लांबवलंत. डोळ्यातला दाब वाढलाय, गेलेली नजर परत येणार नाही, असं पुढं त्यांनी सांगितलं. तुमची सून घरात आली तोपर्यंत तुम्ही माणसं आवाजावरून ओळखायला लागला होतात.

बाई गोधडी न्यायला आल्या तेव्हा मी मुद्दाम घरी थांबलो होतो. त्यांनी ती उलगडली, हात फिरवला, आणि उलटी करून मागचे टाके बघितले. दोन्ही बाजू सारख्या होत्या. त्यांनी आईचा हात धरला. "काकू, हे तीनशेचं काम नाही हो. तुमच्या हाताला..."

आई म्हणणार होती की हे माझं नाही. तिनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवलीत, नको म्हणून. कसं कळलं तुम्हाला, मी त्यांना काय सांगितलं होतं ते? का नुसतं माझ्याकडे बघून कळलं? बाई वरचे पैसे द्यायला लागल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "नको. भाव मीच सांगितला होता. ठरलं तेच द्या." त्यांनी दोनशे दिले. पुढच्या वेळी योग्य ती मजुरी देईन म्हणाल्या. पुढची वेळ आली नाही. मजुरीनं शिवलेली तुमची ती एकच गोधडी.

परवा त्या ओट्यावर बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खाली बसलो आणि त्यांच्या मांडीवरच्या गोधडीची कड उलटून मागचे टाके बघितले. त्यांना नवल वाटलं.

"बाप्या मानूस मागची बाजू बगत नाय कधी. घरात कोन शिवायचं का?"

"वडील," मी म्हणालो. "वडील शिवायचे."

त्यांची सुई थांबली. "वडील?" त्या हसल्या नाहीत. जरा सरकून त्यांनी मला ओट्यावर जागा करून दिली. मग बराच वेळ आम्ही तुमच्याबद्दल बोललो. दोरा मेणावरून ओढायचात हे सांगितलं, कडेनं दिसत नव्हतं तरी ओळ वाकडी गेली नाही हे सांगितलं. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या सुनेलाही नाही. बोलताना बरं वाटत होतं. निघताना मी तीन हजार मोजून दिले. घरी आल्यावर हिनं विचारलं, भाव केला का? मी म्हणालो, नाही, सांगितले तेवढे कबूल करून आलो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून खरं लिहितो. सगळं बोलून झाल्यावर, पैसे काढायला खिशात हात घातल्यावर, माझ्या तोंडातून गेलं, "पाचशे कमी करा ना." सवयीनं गेलं, नाना.

बाई रागावल्या नाहीत. "करते की," त्या म्हणाल्या. "पाचशे म्हंजी अडीच दिवस. कोनत्या बाजूला अडीच दिवस कमी शिवू, तेवढं दाखवा."

गाठोडं समोर उघडं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, आणि तीन हजार मोजायला लागलो.