आईने लपवलेली नोकरी

मंगळवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळ

सकाळी एका रशियन गणितज्ञावरचा लेख वाचला. चंद्राकडे जाणाऱ्या यानांचे मार्ग त्याने मांडले, पण काम गुप्त. त्याची आई शेवटपर्यंत समजत होती, मुलगा शाळेत शिकवतो.

दुपारी मोहोळची मंडळी मला बघायला आली. आईने आधीच बजावलं होतं, "कॉम्प्युटर शिकवते म्हण. उपग्रह-बिपग्रह काढू नकोस."

मुलाच्या आत्याने विचारलं, "पोरगी काय करती?"

"उपग्रहांच्या कक्षांचं गणित करते," मीच सांगितलं.

"अगं बया! मग सैपाकाचं काय?"

"तोही येतो."

होकार येणार नाही. त्या गणितज्ञाचं काम त्याच्या आईपासून सरकारने लपवलं. माझं काम मात्र आईच लपवते. का? लाज, की भीती?

आत्ता ती दारात येऊन म्हणाली, "कक्षा म्हणजे नेमकं काय गं?" नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच विचारलं. कागद घेऊन तिला समजवायला बसते.