आखाजीला सरकारी नांगर

रनाळे, शके १८५८, वै. शु. १
सरकारने पाहुणा धाडला. नाव दिनकर, शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत खेड्यात राहून लोखंडी नांगर चालवून दाखवायचा, भत्ता सरकारचा. शाळा बंद, म्हणून हेडमास्तरच्या गळ्यात, म्हणजे माझ्या. पोरगा गोड, बोलतो मात्र छापील. तृतीयेला शेतकी खात्याचे साहेब पाहायला येणार. काम पसंत पडले तर भत्ता पुढे चालू, कॉलेजही. नाहीतर मामाच्या किराणा दुकानात पुड्या बांधणे.

वै. शु. २
दिनकरला विचारले, "तृतीया कुणी ठरवली?" "मीच. सणाचा दिवस, गर्दी होईल." धन्य! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचे वर्ष संपते, नवी बोली दुसऱ्या दिवशी. त्या एका दिवशी गावात कुणी कुणाचा नोकर नाही. बैल मिळतील, नांगऱ्या कुठला? भिकाबापूंकडे गेलो. एवढे मोठे जमीनदार, म्हणतात, "मास्तर, सकाय सालदारले सांगाना मन्हा काय हक्क?" असे वाक्य त्यांच्या तोंडून वर्षातून एकदाच.

वै. शु. ३
पोरीबाळी झोक्यावर, बाप्ये पत्त्यांत, साहेब हॅट घालून हजर. दि.ने धोतर खोचले, स्वतःच नांगर धरला. बातमी फुटली: सरकार नांगर हाकी ऱ्हायना! झोके रिकामे, पत्ते पालथे. लाटसाहेब आले असते तरी एवढे लोक जमले नसते. भिकाबापूंची सखू माहेरी आलीय, ती नांगराची रेघ पाहून ओरडली, "माय वं, याना तास देखा! साप जाई ऱ्हायना!" बापू साहेबांना म्हणाले, "हाऊ पोऱ्या माले सालदार म्हनीन दी टाका." साहेब हसले नाहीत. "गर्दी उत्तम. तास वाकडे. नवमीला पुन्हा पाहीन."

वै. शु. ६
सगळे गाव मास्तर झाले. एक सांगतो बैलाच्या कानाकडे पाहा, दुसरा बांधावरच्या बाभळीकडे, तिसरा म्हणतो कुठेच पाहू नको. दि.ने तिघांचेही ऐकले. नांगर बांधावर. पडल्या पडल्या हसत होता. भाषा मात्र सुधारली, घरी आल्यावर हिला म्हणाला, "काकू, भूक लागनी शे." ही तेव्हापासून विरघळलेली.

वै. शु. ८
सकाळी सखूला न्यायला नवरा आला. "साहेब येवाले शे, परवा जासू," म्हणून तिने त्यालाही बांधावर आणून बसवले. उन्हं कलल्यावर दि.ने एक तास ओढले. सगळे उकिडवे बसून बघू लागले.
"सरळ शे."
"नही, जरासं वाकडं शे."
"तुन्हा डोळा वाकडा!"
निवाडा माझ्याकडे. चष्म्याशिवाय मला ते अगदी सरळ दिसते. चष्मा लावल्यावर... असो. उद्या माझा घरी राहील. साहेबांनाही चष्मा आहे, त्याचे काय करायचे, यावर बापूंच्या ओट्यावर खल चालू.