डब्ल्यूवरची टिकली

९ नोव्हेंबर, रविवार
हात मोडला! उजवा. डाव्यानं लिहितोय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिणारच, नाहीतर डोकं फुटेल.

ऋतिकच्या मोबाईलच्या दुकानाच्या शटरला बुक्की मारली. आळेफाट्यावर, भर दुपारी, माणसांसमोर. तो एवढंच म्हणाला होता, "भाऊ, वृषाली हिंजवडीत नोकरीला, तू रोपवाटिकेत. कॉलेज सेकंड इयरला सोडलंस. कसं जमायचं?" खरं बोलला म्हणूनच मारली. त्याला नाही मारली, हे नशीब! आणि त्यानंच मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत थांबला. शटरचा विषय नाही. असा मित्र माझ्या वाट्याला कसा आला, देव जाणे.

वृषालीच्या कंपनीत ते डोळ्यांवर बांधायचे व्हीआरचे चष्मे असतात. एक तिच्या रूमवर आहे. दर रविवारी आम्ही एका गेममध्ये भेटतो – ती ससा, मी हिरवा रोबो. तिनं हात हलवला की सशाचा हात हलतो. माझ्याकडे चष्मा नाही. ऋतिकनं दिलेला जुना कॉम्प्युटर, की-बोर्ड आणि माऊस. त्यावर चालता येतं, बघता येतं, बोलता येतं. हात मात्र दोन्ही बाजूंना लटकलेले. "परेडला उभा आहेस का?" म्हणून हसते. ते हसणं ऐकायला मी आठवडाभर रोपांना पाणी घालतो.

आता माऊस कशानं धरू?

१२ नोव्हेंबर
डावा हात माऊसवर बसतोय. पण मग की-बोर्डला हात उरत नाही. रोबो जागच्या जागी मुंडी फिरवतो. घुबड!

१६ नोव्हेंबर, रविवार
आई बसली की-बोर्डवर!

गायींचं उरकून आली, माझं तोंड बघितलं. "कंचं बटन, सांग." डब्ल्यू म्हणजे पुढं, एस म्हणजे मागं. तिनं कपाळावरची टिकली काढून डब्ल्यूवर चिकटवली. म्हटलं, मागच्यावर? "त्याला कशाला? टिकलीच्या खालचं, बास."

मी बघणार, आई चालवणार. पहिल्या झटक्यात तळ्यात घातला रोबो. मग झाडाला. माईक बंद करून ओरडलो, "आई, सोड बटन!" तर म्हणते, "आरं तू तिकडं कशाला बघतो, मी हिकडं चालल्ये!" वृषाली हसून बेजार. "आज तुझी चाल वेगळी वाटतेय." म्हटलं, हात दुखतोय.

आई लई दिवसांनी अशी हसली. बाबा गेल्यापासून नव्हतं ऐकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
एक काळा ड्रॅगन वृषालीच्या मागं लागला. कोण कुठला! ससा जाईल तिथं आडवा, वर घाण बोलतोय. माझं डोकं सणकलं. माईक चालू, म्हणून आईला कोपरानं ढोसलं – पुढं, पुढं, घाल त्याच्या अंगावर!

रोबो मागं जायला लागला. आईनं टिकलीखालचं बटन धरून ठेवलं होतं! ससा पण माझ्याबरोबर मागं. दोघं पार भिंतीपर्यंत. ड्रॅगन थोडा नाचला, कंटाळला, गेला.

"भांडला नाहीस," वृषाली म्हणाली. हळूच. "पहिल्यांदा."

आईचं बोट अजून बटनावर.

२४ नोव्हेंबर
वृषालीला फोन करून सांगून टाकलं. मागं सरलो तो मी नव्हतो, आई होती. खोट्यावर तिचं ते "पहिल्यांदा" मला नको.

मग ती म्हणाली, शटरचं तिच्या बाबांना कळलंय. तिकडं मंचरला, त्यांच्या घरी! त्यांचं म्हणणं, "आज शटरला मारणारा उद्या पोरीला मारंल. त्याचं नाव या घरात नको." संक्रांतीनंतर दुसरं स्थळ पक्कं करणार आहेत.

उठलो. भिंतीकडे बघितलं. बसलो. माझी पोरगी असती तर मीही हेच बोललो असतो.

फोन ठेवताना म्हणाली, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. आईंना थँक यू सांग." सांगितलं. आई म्हणाली, "त्यात काय, बटन तर दाबलं."

११ डिसेंबर
प्लास्टर निघालं. हात पांढरा, बारीक, मुळ्यासारखा. ऋतिकच्या शटरला रंग देऊन आलो. बुक्कीचा पोचा तसाच आहे. तो म्हणतो, "ऱ्हाऊ दे राव, गिऱ्हाईक इचारतं, तेवढंच बोलणं व्हतं."

१४ डिसेंबर, रविवार
आज दोन्ही हात माझे. आई गोठ्यात.

वृषालीबरोबर एक नवीन अस्वल. "ओळखीचे आहेत, पहिल्यांदाच आलेत, सांभाळून घे." चष्मा त्यांना दिलेला, ती स्वतः लॅपटॉपवर. सशाचे हात पण लटकलेले, माझ्यासारखे! दोघं परेडला.

अस्वलाचे हात मात्र वेडेवाकडे उडत होते. दोनदा धडकलं. मग चौकशी – "गाव कंचं? आळं? पाणी कशाचं, हिरीचं का कॅनॉलचं? कॉलेज का सोडलं? घरी कोण?" सरळ उत्तरं दिली. आई आणि मी, म्हटलं.

"म्हंजी आईच्या जिवावर बसून खेळ खेळतो की रं! बिनकामाचा!"

कानातून वाफ. बोट टिकलीवर होतं. तिची कड लागली. बोट खाली घसरलं. रोबो दोन पावलं मागं. आवाज कुठून आला माझा, कुणास ठाऊक – "काम करतो काका, रोपवाटिकेत. पण आई हाय म्हणून हाय, हे खरंय. तुमी तळ्याच्या काठावर उभे हाय, जरा डावीकडं सरा, पडाल."

वळून बघतो तर आई दारात, हातात दुधाची किटली. पाण्याची चौकशी चालली होती तेव्हापासून उभी असणार. डोक्यावर पदर घेतला होता तिनं. कॉम्प्युटरसमोर पदर! तशीच आत गेली.

१५ डिसेंबर
ते अस्वल वृषालीचे बाबा होते. 'आधी पोराला बघा तरी' म्हणून तिनंच त्यांना रूमवर बोलावून बसवलं होतं.

चष्मा काढल्यावर म्हणाले म्हणे, "एवढं टोचून बोललो, पोरानं एकदाबी हात उचलला न्हाई." मी फोनवर ओरडलोच – अगं, त्यांना सांग! की-बोर्डवाल्याला हात उचलताच येत नाही!

"सांगितलं मी. लगेच."

"मग?"

"म्हणाले, हात नव्हते, पाय तर व्हते ना? मागं सरला."

रविवारी आळ्याला येतायत. चष्म्याशिवाय.