बावखलातील तोंडे

२ फेब्रुवारी
आज सौ. आशालतेसह नव्या जागी सुखरूप पोहोचलो. माणिकपूरहून रिक्षाने वीस मिनिटे लागली. विरारच्या सदनिकेत सूनबाई "घरात तोंडे वाढली" असे कोणास तरी फोनवर म्हणाल्या, ते मी ऐकले. त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असे चि. परेश यास स्पष्ट सांगूनच निघालो. येथे स्वतंत्र खोली आहे, मागे मोरी, भोवती केळीची बाग व मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. मालक जितेश शेठ यांनी त्यात मांगूर मासा पाळला आहे. राखण मी करावयाची. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, परंतु अठ्ठावीस वर्षे गिरणीच्या फाटकावर उभा होतो व एकही इसम विनापरवाना आत सोडला नाही.

९ फेब्रुवारी
सौ.चे पाय साखरेच्या आजाराने जळतात. सायंकाळी ती पायरीवर बसून ते पाण्यात सोडते. "अहो, मासे गुदगुल्या करतात," असे म्हणून आज ती हसली. विरारला ती सहा महिन्यांत हसली नव्हती. रोज सकाळी टेम्पो कोंबडीच्या दुकानांतील आतडी व मुंडकी आणतो. पाटी ओतताच पाणी उकळल्यासारखे होते.

१८ फेब्रुवारी
शेठच्या आज्ञेप्रमाणे थाळी वाजवून बगळे व पाणकावळे हाकलले. पाण्यातील सहा विरोळे साप काठीने मारले. शेजारचे बागायतदार आग्नेल कुंपणावरून म्हणाले, "काका, खाणारे सगळे घालवलेत, आता पिल्लांची पंगत बसेल. पानी तेवढंच नि तोंडं किती!" त्यांनी ‘पाणी’ म्हणावे, असे मी सुचविले. "बरं मास्तर. मांगुरालापण शिकवा," असे म्हणून ते गेले. उपरोध माझ्या ध्यानात आला.

४ मार्च
पिल्ले अगणित झाली आहेत. शेठ खूश आहेत. बेडकांचे ओरडणे मात्र थांबले. आग्नेलच्या पत्नी ग्रेसीबाई यांची सात बदके होती, त्यांची चार झाली. कोल्हा असावा, असे मी त्यांना सांगितले.

१९ मार्च
कोंबड्यांत साथ आल्याने दुकाने बंद आहेत. टेम्पो सहा दिवस आला नाही. थोडे उपाशी राहिल्याने मासे मरत नाहीत, असे शेठ फोनवर म्हणाले. सौ.ला त्यांची दया येते. ती उरलेला भात मोरीत ओतते. मोरीचा पाट भिंतीखालून निघून थेट बावखलात उतरतो. खाली पाटाच्या तोंडाशी काळ्या मिशा वाट पाहत असतात.

२१ एप्रिल
ईस्टरनंतरच्या सोमवारी गाव जाळी घेऊन बावखलात उतरते व मासे वाटून घेते, अशी येथील जुनी वहिवाट आहे. आग्नेल पंधरा माणसे घेऊन आले. शेठची लेखी परवानगी नसल्याने मी फाटक उघडले नाही. आग्नेलनी थट्टा केली नाही. हात जोडून म्हणाले की, पाणी कमरेखाली आले आहे, टेम्पो अजून बंद आहे, भुकेला मांगूर भावंडालाही सोडत नाही, ओल्या जमिनीवरूनही सरपटत जातो, आज काढू द्या. नियम तो नियम, असे मी उत्तर दिले. ते सारे माघारी गेले. खरे लिहितो, मला समाधान वाटले.

३० एप्रिल
श्वास घेण्यास वर येणारी तोंडे पूर्वी मोजता येत नसत. आज मोजली. एकतीस. परंतु मेलेला एकही मासा तरंगताना दिसला नाही. उन्हाळ्याने मेले असतील तर गेले कोठे, असे आग्नेलना विचारले. ते म्हणाले की, उरलेल्या प्रत्येकाच्या पोटात बाकीचे आहेत.
नंतर एक वर आला. त्याचे डोके माझ्या पंजाहून रुंद होते.

६ मे
एकोणीस. ग्रेसीबाईंकडे बदक उरले नाही.

९ मे
सात. आता गुदगुल्या होत नाहीत, असे सौ. सहज म्हणाली. तिचे पाय पुसावयास घेतले. उजव्या पायास करंगळी नव्हती. पाय बधिर झाल्याने तिला कळलेही नव्हते. माणिकपूरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून कारण विचारले. मी उंदीर असे सांगितले. माझ्या राखणीतील गोष्ट कशी सांगणार?
सौ.ने पाण्याजवळ जावयाचे नाही, असे ठरविले.

१२ मे
पाण्यावर एकही तोंड नाही. सुटलो, असे वाटले.
मग पाट पाहिला. चिखलात वीतभर रुंद माग — एक नव्हे, अनेक. बावखलाकडून वर, मोरीच्या भिंतीपर्यंत.

१३ मे, सकाळ
भिंतीखालच्या वाटेस मोठा दगड लावला. सौ.स ताप आहे. पट्टीतून पाणी झिरपते, वास येतो. दगडामागे आवाज — तान्हे मूल दूध ओढते, तसा.

दुपार, अडीच
सौ.ला उचलून पाहिले. जमत नाही. आग्नेलना हाका मारल्या. बागेत कोणी नाही. तिला एकटी टाकून फाटकापर्यंतही जाणार नाही.
परेशला फोन केला. दोन तोंडे घरी घेशील काय, असे विचारले. तो रडू लागला. म्हणाला, बाबा, काय बोलता, कामावरून निघालोच. पाचपर्यंत —

पावणेचार
दगड सरकला आहे.
मोरीपासून खाटेपर्यंत जमीन ओली. मघाशी कोरडी होती. मी पाय वर घेऊन बसलो आहे. खाली दोन — नाही, तीन —
काठी मोरीत राहिली.
सौ. गाढ झोपली आहे. चेहरा अगदी शांत. डावा पाय तेवढा खाटेवरून खाली लोंबतो आहे. हलतो आहे. ती तर झोपेत — मग पाय कोण —